हौदाच्या दोन्ही बाजूंना

प्रिय सुकन्या,

अक्षर वेडंवाकडं आलंय, चालवून घे. पोलीस चौकीतल्या बैठकीवरून आत्ताच आले आणि ओढणीसुद्धा न काढता लिहायला बसले. आई दोनदा जेवायला बोलावून गेली. तिला म्हटलं, आधी सुकन्याला सांगू दे, मग जेवते. तुझा फोन काढून घेतला त्याला वर्ष झालं. तेव्हापासून किती वेळा वाटलं की अकलूजला तुझ्या मामांच्या पत्त्यावर चार ओळी टाकाव्यात. पण तुझ्याआधी पत्र कोण फोडेल आणि त्यापायी तुला काय ऐकावं लागेल, या धास्तीनं हात मागे घेतला. आजच्या पत्राला ती भीती नाही. का नाही, ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू बाकीचं वाचणारच नाहीस, तुझा उतावळेपणा मी ओळखून आहे.

तू गेलीस ती गेल्या भीमजयंतीनंतर. तो दिवस तुला सांगायला नकोच. आमच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या दणक्यानं तुमची मेंढरं हौदाजवळ बिथरली, मेंढरांवरून शब्दाला शब्द लागला आणि बघता बघता दोन्ही गल्ल्यांतून दगड आले. यशपालचं डोकं फुटलं तेव्हा आमची पोरं पळाली, मला काही सुचेना, आणि तू तुमच्या बाजूनं धावत येऊन स्वतःची ओढणी माझ्या भावाच्या डोक्याला बांधलीस. रिक्षात त्याला धरून बसलेली तू, आणि तुझा कुणीतरी काढलेला फोटो. त्या फोटोखाली जे घाण लिहून गावभर फिरवलं गेलं, ते मी आजही उच्चारू शकत नाही. आठवड्याच्या आत तुझं कॉलेज सुटलं आणि तू मामांकडं गेलीस. यशपालच्या कपाळावर टाके आहेत, तेवढेच. जखम झाली ती तुला.

त्यानंतर हौदाकडं जायचं मीही सोडून दिलं. आमच्या बायका पहाटेच पाणी भरून यायच्या, तुमच्या बायका उन्हं वर आल्यावर. युवा केंद्रात आमच्याच गल्लीतल्या मुली उरल्या. केंद्र चालवणाऱ्या प्रियदर्शनीताईंनी तुमच्या गल्लीत घरोघर जाऊन बघितलं. दारं उघडायची, चहा मिळायचा, पण मुलगी कुणी पाठवायचं नाही. मला वाटलं, ताई आता केंद्र बंद करणार. पण ताईंचं डोकं बघ. दिवाळीनंतर त्यांनी दोन्ही गल्ल्यांत सांगितलं, पोलीस भरतीसाठी मुलींचा सराव सुरू करतेय, सकाळी मैदानावर या. शांतता, एकोपा, यातला एक शब्दही काढला नाही. आणि सुकन्या, मुली आल्या की. वर्दी कुणाला नकोय? तुमच्याकडून काशम्मा आली. ती तू गेल्यावर चुलत्यांकडं राहायला आलेली. तिचे वडील अक्कलकोटकडचे, त्यामुळे चिडली की कानडीत सुरू होते. अशी पळते की तिची वेणी आमच्या हाती लागत नाही.

पहिले काही आठवडे आम्ही मैदानाच्या एका टोकाला आणि त्या दुसऱ्या. मग ताईंनी धावून झाल्यावर सगळ्यांना हौदाच्या कट्ट्यावर दम खायला बसवायला सुरुवात केली. एकीनं बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही, एवढाच नियम. मला आधी हे पोरकट वाटलं. एके दिवशी काशम्मानं सांगितलं की त्या दगडफेकीत तिच्या चुलतभावाचं नाव केसमध्ये आलं, तो तेव्हा हौदाजवळ नव्हताच, आणि आता भरतीच्या वयात तो घरात बसून असतो. मला लई बोलायचं होतं गं. यशपालचं डोकं, आईचं रडणं, सगळं ओठावर आलं होतं. पण नियम होता म्हणून गप्प बसले, आणि गप्प बसले म्हणून तिचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी यशपालचं सांगितलं, आई रात्ररात्र त्याच्या उशाशी बसून कशी रडायची तेही. ती खाली मान घालून ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, “हे आमच्यात कुणाला म्हाईतच न्हाय.” त्या दिवसापासून आम्ही एक ठरवलं. दुसऱ्या गल्लीबद्दल काहीही कानावर आलं, तर ते पुढं सांगायच्या आधी त्या गल्लीतल्या मुलीला विचारायचं. एवढं साधं. पण या साध्यानंच पुढं काय केलं ते ऐक.

यंदा जयंतीला आठवडा राहिला होता. आमच्याकडं मंडपाची तयारी, निळे झेंडे, पोरांचा उत्साह नुसता ओसंडत होता. सराव संपवून मी घरी येते तोच काशम्माचा फोन. तुमच्या शेळ्या पडल्यात. तोंडाला फेस, पाय झाडतायत, दोन तर गेल्यासुद्धा. आणि गल्लीत बोललं जातंय की आमच्या पोरांनी हौदात विष कालवलं. ती म्हणाली, “मी कुणालाच काय पाठवलं न्हाय. आदी तुला ईचारते. खरं काय?” ताईंना फोन लावला, तर त्या वैरागला शिबिराला गेलेल्या, फोन बंद. मग जे काय करायचं ते आम्हीच करायचं होतं.

काशम्माला म्हटलं, सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलव, मी येते. यशपालला आणि त्याच्या मित्रांना विचारलं. ती पोरं सकाळपासून मंडपात दोऱ्या बांधत होती, हौदाकडं कुणी फिरकलेलंही नव्हतं. पण विषाचं नाव निघाल्याचं ऐकताच त्यांच्याही मुठी वळल्या. आमच्या गटातल्या मुली त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या. आणि आई, माझी आई, केसरबाई, जी वर्षभर तुमच्या गल्लीचं नाव काढू देत नव्हती, ती गल्लीच्या तोंडाशी येऊन खाली बसली आणि पोरांना म्हणाली, पुढं जायचं तर मला ओलांडून जा. आईला कोण ओलांडणार? मी मात्र तिच्या कडेनं पुढं गेले. तिनं माझ्याकडं बघितलं, अडवलं नाही.

वर्षानं तुमच्या गल्लीत पाऊल टाकत होते. तुमच्या अंगणात गर्दी, पोरांच्या हातात काठ्या, आणि सगळ्यांत पुढं तुझा अजिनाथदादा. लहानपणी आपल्या दोघींना सायकलवर बसवून फिरवणारा तोच दादा, पण डोळे ओळखीचे नव्हते. “तू हितं कशाला आलीस?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, मावशीकडं आलेय. आणि तो काही बोलायच्या आत मेलेल्या शेळीशेजारी तुझ्या आई, म्हाळसामावशी बसल्या होत्या तिथं जाऊन मातीत बसले. तुझी ती पांढऱ्या कानाची शेळी, जिला तू बाटलीनं दूध पाजून वाढवलंस, ती अजून धापा टाकत होती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मावशी माझ्याकडं बघेनात. मला वाटलं, आता हाकलतील.

मागून कुणीतरी पुन्हा हौदाचं नाव काढलं. तेव्हा मावशींनी मान वर केली. आवाज चढवला नाही, रोज बोलतात तशाच बोलल्या. “त्या हौदाचं पाणी सकाळी म्याच भरलंय. च्या त्याचाच केला. तुमी समद्यांनी प्यालाय. ईख असतं तर काठ्या घिऊन हुबं ऱ्हायला असता व्हय?” ज्यांनी चहा घेतला होता ते एकमेकांची तोंडं बघू लागले. अजिनाथदादाची काठी हळूच खाली गेली.

तेवढ्यात काशम्मा डॉक्टरबाईंच्या स्कूटरवर मागे बसून आली. बाईंनी एका शेळीच्या जबड्यात बोट घालून कोवळे हिरवे फुटवे बाहेर काढले आणि विचारलं, सकाळी चरायला कुठं नेली होती. तुझे वडील, बाळासोकाका म्हणाले, काढलेल्या ज्वारीच्या रानात, मागच्या आठवड्यात तिथं पाणी सुटलं होतं, चांगलं हिरवं फुटलं होतं. बाई म्हणाल्या, किराळ लागलीय, कोवळ्या फुटव्यांतलंच विष आहे हे, माणसानं केलेलं नाही. मग भराभर इंजेक्शनं. आम्ही दोघी शेळ्या धरायला. तीन गेल्या, बाकीच्या उठल्या. तुझी पांढऱ्या कानाची उठली! उठल्या उठल्या माझी ओढणी चघळायला लागली. मी एकीकडं हसत होते आणि एकीकडं रडत होते, आणि मावशींनी पदरानं माझं तोंड पुसलं. बाळासोकाका मात्र दाव्याच्या खुंट्यापाशी बसून राहिले.

यंदाची मिरवणूक तू बघायला हवी होतीस. पोरांनी डीजेऐवजी हलगी आणली. अगदी हौदापाशी आलो आणि समोरून तुमची मेंढरं परतली. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. तर यशपालनं हात वर केला, हलगी थांबली आणि अख्खी मिरवणूक मेंढरं पार होईपर्यंत उभी राहिली. एक कोकरू मध्येच बसकण मारून बसलं, उठेचना. शेवटी अजिनाथदादा आला, त्याला खांद्यावर टाकून निघाला, आणि दोन्ही बाजूंची माणसं हसत सुटली. त्या मेंढरांनी आम्हाला चांगलं ताटकळवलं, पण मला वाटत होतं, अजून थोडी मेंढरं असती तर बरं झालं असतं.

आणि आजची गोष्ट. चौकीतली ती शांतता समिती तुला आठवते ना, सणाआधी चहा पिऊन उठणारी? आपल्या दोन्ही गल्ल्यांतले सगळे काकालोक, कुणाच्या घरातली एक बाई नाही. ताईंनी अर्ज केला होता की या समितीत दोन्ही गल्ल्यांतून एकेक तरुण मुलगी घ्या. साहेब तयार झाले. आमच्याकडून माझं नाव आलं. होय, माझं! तुमच्याकडून काशम्माला विचारलं, तर तिची भरतीची परीक्षा तोंडावर आलेली, ती म्हणाली, मला मैदानावर राहू द्या, त्या खुर्चीवर बसायचा हक्क दुसरीचा आहे. तुमच्याच गल्लीतले एक काका हसून म्हणाले, कशाला पोरींच्या भानगडीत पडता, उद्या लग्न होऊन जातील, मग पुन्हा दुसरी शोधा.

तेव्हा बाळासोकाका उठले. तुला माहीत आहे, ते चारचौघांत तोंड उघडत नाहीत. फेटा काढून हातात घेतला आणि म्हणाले, “दगडं पोरांनी मारली. माझी पोर जखमीला दवाखान्यात घिऊन गेली. अन् मी शिक्षा कुणाला केली? पोरीला. ह्या खुर्चीवर माझी सुकन्या बसंल. तिची मर्जी आसंल तर.” साहेबांनी तुझं नाव लिहून घेतलं. मी तिथं रडायचं नाही असं ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

आता सांगते, हे पत्र कशासाठी. बैठक सुटल्यावर बाळासोकाका माझ्यामागून आले. हौदापर्यंत बरोबर चालत आले. मग म्हणाले की मामांनी तुझ्यासाठी स्थळ बघितलंय, ते त्यांनी आज फोन करून थांबवलं. तुला विचारल्याशिवाय आता काही ठरायचं नाही. कॉलेजातही चौकशी केलीय, जूनमध्ये प्रवेश मिळेल. हे सगळं तुला स्वतः सांगायचं त्यांच्या मनात आहे, पण वर्षभरात ते तुझ्याशी नीट एक वाक्य बोलले नाहीत आणि आता तोंड उघडलं तर शब्दाआधी दुसरंच काही बाहेर येईल, असं त्यांना वाटतं. म्हणून मला म्हणाले, “तू लिव्ह. मी नुसता नेऊन देतो.” उद्याच्या पहिल्या एसटीनं ते निघतायत. म्हणजे तू हे वाचतेयस तेव्हा ते तुझ्यासमोरच बसले असतील, छताकडं बघत. मामांना त्यांनी सांगितलं असेल की इकडं मेंढरांच्या कामासाठी आलो होतो. त्यावर विश्वास ठेवू नकोस. ते तुला न्यायला आलेत. त्यांना आधी पाणी दे, आणि मग तुझ्या मनात असेल तर पिशवी भर.

स्टँडवर दोन्ही गल्ल्यांतल्या मुलींना घेऊन उभी राहणारी,
तुझीच,
बुद्धप्रिया