रिकाम्या पंजावरचा दाब

४ नोव्हेंबर
आली एकदाची जबलपूरला. रांझीत जयाकाकूंकडे खोली मिळाली. काकू मूळच्या अमरावतीच्या, काका फॅक्टरीतून रिटायर झालेले. नागपूरची पोरगी म्हणून पहिल्याच दिवशी घरातली करून टाकली, वर पोहे-जलेबी. सकाळी कंपनीची बस बरगीच्या रस्त्यावरच्या, यानाशी संपर्क ठेवणाऱ्या आमच्या स्टेशनवर नेते. मोठी पांढरी डिश, मागे धरणाचं पाणी. आमचं छोटं यान वर पृथ्वीभोवती फिरून राहिलं. त्याच्या यांत्रिक हाताची चाचणी आता माझ्याकडे. तो तिथे नीट चालला, की कंपनी तो विकणार आणि पहिला हात बसणार माणसं नेणाऱ्या यानावर. त्याचा जुळा हात इथे लॅबच्या टेबलावर आहे.

७ नोव्हेंबर
गीतांजली दीदी काम शिकवून राहिल्या. आज यान डोक्यावरून जाताना आम्ही पंजा मिटवला. बोटांवर दाब दिसला, जसं काही धरलं आहे. कॅमेऱ्यात पंजा रिकामा. दीदी म्हणाल्या, नया सेन्सर है, होता है. मलाही पटलं.

१२ नोव्हेंबर
पंजा उघडायचा आदेश दिला. उघडला नाही. दाब कमी-जास्त होत होता, कोणी हात हातात घेऊन दाबावा तसा. आणि टेबलावरचा जुळा हात, ज्याची वायर मी स्वतः काढली होती, तो हळूहळू मिटला. दीदींचं बोट आत सापडलं. ओढून काढलं, निळं पडलं होतं.

१५ नोव्हेंबर
दीदी येत नाहीत. फोनवर म्हणाल्या, तू भी छोड दे.
काहून सोडू?
स्टेशनप्रमुख चंद्रशेखर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. गिऱ्हाईक थांबलं आहे, चाचणी पास लिही म्हणाले. मी सांगितलं, वर तो हात कोणीतरी धरून राहिलं आहे.
“जे दिसत नाही ते रिपोर्टमध्ये लिहायचं नसतं, मैत्रेयी.”
“मग माझी सही मिळणार नाही, सर.”
उद्या दुसऱ्याची सही घेऊ, म्हणाले.

१६ नोव्हेंबर, सकाळ
दुसऱ्याची घेतील त्याआधी यानच खाली आणते. हवेत शिरलं की जळून जाईल. तो आदेश द्यायचा हक्क अजून माझ्याकडे आहे. लॅबला आतून कडी लावली. सर दार वाजवून राहिले. वाजवू दे.

दुपार
टेबलाजवळून जाताना जुळ्या हातानं डावं मनगट धरलं. वायर नाही, बॅटरी नाही — तरी. उजव्या हातानं लिहून राहिली.
भीती वाटते. पण उजवा हात कीबोर्डपर्यंत पोचतो.

यान आलं. आदेश दिला —
वरून उत्तर आलं. इंजिन पेटलं. खाली येऊन राहिलं.

पकड घट्ट — या यंत्राला तीनच बोटं. मनगटावर पाच —
गरम आहेत —
धर, म्हणते मी. किती धरतं ते पाहते. मीही आता सोडणार ना