मॅट्रिकची अट

चिखली, मंगळवार, १० मार्च १९६४

पत्रकारितेच्या नव्या वर्गाचा अभ्यासक्रम ठरवायला काल नागपूरला बसलो होतो. कोणीतरी मॅट्रिकची अट सुचवली आणि पहिला हात माझाच वर गेला. काऊन? मी स्वतः चौथी पास. विरोध केला असता तर विचारलं असतं, "संपादकसाहेब, तुमचं शिक्षण?"

साखरखेर्ड्याचा किसन सातवी शिकलेला. माझ्या साप्ताहिकातल्या निम्म्या बातम्या त्याच्याच. आज पहिल्या एस.टी.नं आला.

"भाऊ, मले घेतात ना वर्गात?"

"नाही रे. त्यांनी मॅट्रिकची अट घातली."

त्यांनी! अन् तो हात कोणाचा होता?

उलट तोच मला समजावू लागला. "जाऊ द्या ना, भाऊ. तुमी तं भांडलेच असान. एकटा माणूस काय करन?"

"हाव," मी म्हणालो, "लय भांडलो."