देवघरात न मावलेली बंदूक

वाणगाव,
कार्तिक शुद्ध दशमी, सन १९६६

रा. रा. बळवंतराव यांस,

एकनाथचा नमस्कार. सुलूचा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान बांधायला सांगा. भावाचा सल्ला आहे म्हणून तरी ऐकेल. देवाच्या कृपेने इकडे सगळे बरे आहेत. (सगळे म्हणजे माणसं. बंदुकीचं खाली लिहितो.)

तुम्ही पलटणीत बारा वर्षं काढलीत, म्हणून हे तुम्हांलाच कबूल करतो. वडिलांची ठासणीची बंदूक तुम्ही पाहिलेली आहे. पिकाच्या राखणीसाठी ती ठेवलेली, आणि दर खंडेनवमीला तिची पूजा होते. यंदा मी देवघर नवं बांधलं, ते जरा आखूड झालं. बंदूक आडवी ठेवली की एक टोक उंबऱ्याबाहेर. दस्ता बाहेर ठेवावा तर नळीचं तोंड थेट बाळकृष्णावर. नळी बाहेर ठेवावी तर जेवायला बसलेल्यांवर. सुगंधा म्हणाली, "अहो, कोपऱ्यात उभी करा की!" पण शस्त्राने देवापुढे आडवं व्हावं, असं माझं मत. (कुठल्या पोथीत नाही, माझंच.) शेवटी धर्माजी लोहाराकडून हातभर नळी कापून घेतली. नेम धरायची माशी त्याने नव्या तोंडावर बसवून दिली आणि म्हणाला, "बघा, हलकी पन झाली." पूजा फार सुंदर झाली.

पंधरा दिवसांनी डोंगराकडचा जिव्या आला. त्याचं पावसावरचं एवढंसं शेत, त्यावर घराचा वर्षाचा भात. त्यात डुकरं उतरू लागली होती. (तारापूरला अणुवीज केंद्राच्या कामाचे सुरुंग उडू लागल्यापासून नुसत्या आवाजाला ती भीक घालत नाहीत.) मी म्हटलं, निर्धास्त राहा. तांबडं फुटताना एक डुक्कर शंभर पावलांवर उभं राहिलं. देवाचं नाव मोठ्याने घेतलं, नेहमीसारखा त्याच्या खांद्यावर नेम धरला आणि चाप ओढला. बार असा झाला की माझेच कान बधिर झाले, नळीच्या तोंडाशी मोठा जाळ उठला, आणि गोळी डुकराच्या अलीकडे दहा पावलांवर मातीत शिरली. डुकराने माझ्याकडे पाहिलं. मग ते आणि मागची चार उभ्या पिकात घुसली. मी पुन्हा दारू ठासेपर्यंत अर्धं शेत आडवं झालं.

तुम्ही एकदा सांगितलं होतं, की गोळी नळीत असते तोवरच दारू तिला ढकलते. लांब नळीत ढकलणं जास्त, म्हणून गोळी वेगाने आणि सरळ जाते. आखूड नळीत दारू तोंडाबाहेर फुकट जळते, वेग कमी पडतो आणि गोळी लवकर खाली येते. तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. आता कळलं. माझं शिक्षणही चौथीतच कापलं गेलं. आवाज मोठा, पल्ला तोकडा.

पण खरी लाज याची नाही. बार ऐकून चार माणसं जमली, कोणीतरी हसलं, आणि मी म्हणालो, "जिव्या खोकला, म्हणून हात हलला." जिव्या खोकलाच नव्हता, बळवंतराव. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "खोकलो आसन, बापू." तेव्हापासून मी दिसलो की तो तोंडावर फडकं धरतो, जणू खोकल्याचा आळ पुन्हा नको. सकाळी मी जपाला बसतो, पण माळ पुढे सरकत नाही.

आपला,
एकनाथ

ता. क. — रविवारी याच. पलटणीची टोपी घालून या आणि दोष नळीचा होता, हे जिव्याला नीट समजावा. नळी कोणी कापली, तो विषय शक्यतो काढू नका.

ता. क. दुसरा — पत्र टाकायला निघालो तर वाटेतच जिव्या. राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "बंदूक बुटकी झाली ती मी पयलेच बघली, बापू. आखूड धनुष्याचा बान पन लांब जाय नाय." मग आधी बोलला का नाहीस, विचारलं. "तुमी देवाचा नाव घेतला. मना वाटला, देवाशी कायतरी ठरला आसल." फडक्याचंही विचारलं. त्याची दाढ दुखते.

ता. क. तिसरा — तेव्हा टोपी नको, विळा आणा. माझं भात कापून त्यातलं अर्धं जिव्याच्या घरी पोचवायचं आहे. तसा शब्द दिला आहे. सुगंधाला अजून सांगितलेलं नाही. तेवढं मात्र तुम्हीच सांगा.