चादरींचा आडोसा

ती. दादास,

पाया पडते. गुडघा कसा आहे? वहिनीने आणलेलं तेल चोळतोस, की बाटलीकडे नुसतं बघतोस? इकडे सगळे बरे आहेत. आमचे हेही बरे आहेत, म्हणजे बसलेले आहेत.

भांडायला लिहीत नाहीये. मागच्या खेपेला झालं तेवढं पुरे. तू गवंडी, तुला जिथे तिथे भिंतच दिसते. मी म्हटलं, माझ्या परसात भिंत नको, तर थापी आपटून निघून गेलास. (चहाही अर्धा टाकलास. तो मी प्यायले.) अरे, वारा भिंतीला आपटतो, वर चढतो आणि पलीकडे दुप्पट जोराने पडतो, हे मी लॉजच्या मागे डोळ्यांनी पाहिलंय. झाड कसं, वारा चहासारखा गाळून सोडतं. पण तुला ऐकायचं असेल तर ना!

काहीतरी करणं भागच होतं. परवा लॉजच्या धुतलेल्या चादरी चिमट्यांसकट उडाल्या. एक शेजारच्या गोठ्यात सापडली, गाय पांघरून बसली होती. (तिला शोभत होती, ते सोड.) लॉजचा मॅनेजर म्हणाला, बाई, पुन्हा चादरीवर शेण दिसलं तर काम मशीनवाल्याकडे जाईल. आमचं घर त्या चादरींवर चालतं, हे तुला काय सांगायचं. मग ठरवलं, झाडं लावायची. साधी झाडं नकोत, ती नेमकी थंडीत, वारा सुटला की पानं टाकून उघडी होतात. बारा महिने हिरवी राहतात ती हवीत.

नर्सरीत ओला पांढरा अभ्रा घेऊनच गेले. उद्या ज्या झाडाला चादर घासणार, ते डाग देतं का, हे अभ्र्याशिवाय कळणार कसं? एकेक झाड चोळत सुटले. नर्सरीवाला धावत आला, "बाई, झाडं बघायची असतात, पुसायची नसतात!" मी म्हटलं, तू बघ, मी पुसते. चिडाच्या झाडाचा डिंक लागला, तो रॉकेलनेही निघाला नाही. दुसरं एक निळसर, दिसायला देखणं, पण असं टोचकं की अभ्र्याचे धागेच ओढले. (आपली आत्या आठवली. लांबूनच बरी.) शेवटी मोरपंखी. पंजासारखी चपटी, मऊ पानं, अभ्रा होता तस्साच पांढरा. याची पानं कधीच झडत नाहीत का, विचारलं. म्हणाला, "झडतात, पण थोडी थोडी, कळत नाही." म्हणजे माझ्या केसांसारखं. हेच दे म्हटलं.

मोठी होऊन पसरतील म्हणून अंतर सोडून लावली. हे म्हणाले, "अगं, पडलेल्या दातांसारखं दिसतंय." मी म्हटलं, तुम्ही खड्डा खणा. आता रांग उभी आहे. कोणी काहीही म्हणो, ती झाडंही हलणार नाहीत आणि मीही नाही. तुझ्या भिंतीशिवाय माझं अडलेलं नाही, एवढंच कळवायचं होतं.

तुझीच,
धाकटी

ता. क. झाडं सध्या माझ्या गुडघ्याएवढी आहेत.

आणखी ता. क. नर्सरीवाला आता सांगतो, लहानपणी मोरपंखीला थंडीतला वारा सोसत नाही, करपते. मोठी होईपर्यंत तिलाच आडोसा हवा. (आधी का नाही सांगितलंस म्हटलं तर म्हणतो, "तुम्ही अभ्र्यातून डोकं वर काढलंत कुठे?") म्हणून सध्या काठ्या रोवून झाडांभोवती चादरी बांधल्यात. लॉजच्याच. मॅनेजरला सांगितलंय, डाग हट्टी आहेत, भिजत घातल्यात.

शेवटचा ता. क. थापी घेऊन ये. कमरेपर्यंतच बांधायची, विटांमध्ये फटी ठेवायच्या, आणि ती भिंत आहे असं कोणाला सांगायचं नाही. विटा हे उचलतील, उठवते मी त्यांना. या वेळी चहा पूर्ण प्यायचा. शनिवारी मॅनेजर चादरी मोजतो, त्याच्या आत ये.