झेंडीविना सुटलेली गाडी

गुरुवार, संध्याकाळ. अकोला.

जेवले, पण चव कळली नाही.

आजपासून नवी गाडी. दारं लावणं, फलाट पाहणं, सगळं ड्रायव्हरच्या पडद्यावर. मी गार्ड, मागे नुसतं बसायचं. इतकी वर्षं माझ्या हिरव्या झेंडीशिवाय गाडी हलत नव्हती.

बडनेऱ्यापुढच्या एका लहान स्टेशनवर एक म्हातारी चढली आणि दार लागलं. नवरा पिशव्यांसकट खालीच. खिडकीतून तिचा हात बाहेर आला. गाडी हलली, तसा म्हातारा दाराची दांडी धरून धावायला लागला. मी ब्रेक ओढला. विचार केला होता का? नसावा. तो हात तेवढा दिसत होता.

ड्रायव्हर फोनवर ओरडला, "ताई, काहून थांबवली? फलाट मी पाहून राहिलो ना!"

"म्हातारा दिसला का तुले?"

त्याने दार उघडलं. म्हातारा पिशव्यांसकट चढला.

अकोल्यात साहेब म्हणाले, "ते काम आता तुमचं नाही." मी बरं म्हटलं. राग यायला हवा होता. आला नाही. अजूनही तो हातच दिसतो.

स्टेशनबाहेरच्या फाटकाशी म्हातारा भेटला. हसत म्हणाला, "नशीब पाह्य बाई, गाडी आपोआपच थांबली!"

मी त्याला रिक्षा कुठे मिळते ते दाखवलं.