चौथा कोपरा

बाळ्या,

“आधी पाणसळ बघ, मग पुढचं,” असं तुझे बाबा नेहमी म्हणायचे. त्यांची अवजारं उघड्यावर पडू देणार नाही, मागच्या अंगणात खोपट बांधीन, असा शब्द मी त्यांना शेवटी दिला होता. म्हणून गवत काढलं, खडी चोपली आणि तीन कोपऱ्यांवर पायाचे ठोकळे बसवले. पाणसळीतला बुडबुडा मध्ये येईपर्यंत तीन माळा जप झाला. आखणीच्या दोरीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, ते कुंपणाला बांधलं. चौथा ठोकळा मात्र मला एकटीला उचलवत नाही.

बाबा गेल्यापासून तू मागच्या अंगणात पाऊल टाकलं नाहीस. मी काही विचारणार नाही. जेवण झाकून ठेवलंय, माझा उपास आहे.

पूजा आटोपली, आता मागे जातेय. मागचं दार नुसतं लोटलंय.

आई