मापांच्या वह्या

ती. बाबांना दुकानातूनच नमस्कार.

आपली गल्ली पाडत नाहीत. सहीशिक्क्याचा कागद काल हातात पडला.

पालिकेच्या ऑफिसचं म्हणणं एकच, ही वस्ती पंधरा वर्षांपूर्वीची, त्याआधी इथे कुणी राहतच नव्हतं. मग मी तुमच्या मापांच्या वह्या साहेबांपुढे ठेवल्या. चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं, तारखेसकट, घर नंबरासकट. त्यात इस्त्रीवाल्या मावशींच्या शाळेच्या झग्याचं माप निघालं.

"ही तुम्हीच कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"पुढे वाचा की," माझ्यासोबत आलेल्या मावशी म्हणाल्या.

पुढे तुमच्या अक्षरात होतं, 'डावा खांदा उतरता'. साहेबांनी मावशींच्या खांद्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

तुम्ही गावी गेलात तेव्हा मी या वह्या रद्दीत घालणार होतो. आईने ट्रंकेत लपवल्या म्हणून वाचल्या. तिला सांगा.

सुईत दोरा ओवायला आता मलाही चष्मा लागतो, बाकी उत्तम. तुमचा गुडघा कसा आहे? खरं लिहा.

आज सकाळपासून अख्खी गल्ली नवी मापं द्यायला दारात उभी आहे. पहिला नंबर मावशींचा. खांदा अजून उतरताच आहे, मी तुमच्या ओळीखालीच लिहिलं.

तुमचा,
वह्या विकायला निघालेला धाकटा